कर्ज फिटण्याआधी सल्लागाराची फी का फिटते?

मोठ्या कंपनीचं कर्ज थकलं की बातम्यांत प्रवर्तक येतो, बँक येते, पुढे न्यायाधिकरण येतं. ज्याच्या एक्सेल फाइलवर सगळं ठरतं तो सल्लागार मात्र सहसा बातमीत नसतो. कंपनी पुढची दहा वर्षं किती कमावेल, त्यातून किती कर्ज फिटेल, उरलेल्याचे शेअर करायचे, रोखे करायचे की त्यावर पाणी सोडायचं, हे त्या फाइलमध्ये ठरतं आणि बँकेची समिती त्यावर मंजुरीची मोहोर उठवते. तीन वर्षांनी कंपनी पुन्हा थकली तर बँकेच्या ताळेबंदाला भोक पडतं, प्रवर्तकाची पत जाते, कामगारांचे पगार अडकतात. सल्लागाराची फी तोवर केव्हाच पोचलेली असते. हा क्रम बदलायला हवा. फीचा मोठा हिस्सा प्रत्यक्ष परतफेड सुरू झाल्यावरच द्यावा आणि कुणाचे अंदाज किती खरे ठरले याची नोंद सगळ्या बँकांना पाहता यावी, असं माझं मत आहे.

एका प्रकरणात पाच-सहा प्रकारचे सल्लागार असतात. सगळ्यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल. वित्तीय सल्लागार योजना आखतो आणि कन्सोर्टियममधल्या, म्हणजे मिळून कर्ज दिलेल्या, बँकांना एका रेषेत आणतो. टीईव्ही करणारा, म्हणजे तांत्रिक-आर्थिक व्यवहार्यता तपासणारा, यंत्रांची अवस्था, कच्चा माल, वीज, बाजार पाहून धंदा चालेल का ते सांगतो. प्रकल्प अर्धवट असेल तर बँकांचा स्वतंत्र अभियंता किती खर्च झाला आणि किती उरला ते मोजतो. फॉरेन्सिक ऑडिटर पैसा दुसरीकडे वळवला का ते शोधतो. वकील मास्टर रिस्ट्रक्चरिंग करार लिहितो, मूल्यांकक तारणाची किंमत काढतो. वकिलाची चूक करारात दिसते, मूल्यांककाची चूक लिलावात उघडी पडते. वित्तीय सल्लागार आणि टीईव्ही करणारा यांची चूक मात्र भविष्यकाळात लपलेली असते, म्हणून इथला प्रश्न मुख्यतः या दोघांचा.

रिझर्व्ह बँकेने ७ जून २०१९ रोजी घालून दिलेल्या आराखड्यात मोठ्या खात्यांसाठी घड्याळ कडक आहे. पहिली थकबाकी झाली की ३० दिवसांचा आढावा काळ. त्यात बँकांनी आपसातला करार करायचा. मूल्याने ७५ टक्के आणि संख्येने ६० टक्के बँका राजी झाल्या की निर्णय सगळ्यांवर बंधनकारक. त्यानंतर १८० दिवसांत योजना अमलात यायला हवी. नाही आली तर २० टक्के जादा तरतूद, आणि आढावा काळ सुरू झाल्यापासून ३६५ दिवस उलटले तर आणखी १५ टक्के. दोन हजार कोटींच्या खात्यात पहिल्याच टप्प्यावर ४०० कोटी संभाव्य तोट्यासाठी बाजूला काढावे लागतात. त्यामुळे बँकेला योजना हवी असते, आणि वेळेत हवी असते. टीईव्हीला कारखाना पाहायला, साठा मोजायला, तीन वर्षांची बिलं चाळायला वेळ लागतो. बँकांचा आपसातला करार सही होईपर्यंतच आठवडे जातात, मग उरलेल्या वेळात अहवाल ‘बसवला’ जातो. हा शब्द या धंद्यात सर्रास वापरतात.

बसवणं म्हणजे काय ते आकड्यांत पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, गणित खरं आहे.

कंपनीवर १,००० कोटींचं कर्ज. आजचा एबिटा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीची कमाई, वर्षाला १०० कोटी. त्यातून यंत्रांच्या देखभालीचा भांडवली खर्च १५ कोटी आणि वाढत्या खेळत्या भांडवलाचे १० कोटी वजा केले की कर्जासाठी ७५ कोटी उरतात. यातली दमडी न् दमडी हप्त्यात गेली तर पहिल्या धक्क्याला कंपनी थकेल, म्हणून डीएससीआर, म्हणजे कर्जासाठी उरणारी रक्कम वर्षाच्या हप्त्याच्या किती पट आहे ते प्रमाण, १.२ धरू. वर्षाचा हप्ता आला साडेबासष्ट कोटी. १० टक्के व्याजाने, १० वर्षांच्या सारख्या हप्त्यांत एवढ्या रकमेतून साधारण ३८४ कोटींचं कर्ज फिटतं. म्हणजे हजारातले ६१६ कोटी या धंद्याला पेलवत नाहीत.

आता फाइलमधला एक रकाना बदलू. कारखाना आज ५५ टक्के क्षमतेने चालतो, तो ८५ टक्क्यांवर जाईल आणि एबिटा १८० कोटी होईल असं धरलं. कर्जासाठी १५५ कोटी उरतात आणि फेडण्याजोगं कर्ज ७९४ कोटी होतं. डीएससीआर १.२ ऐवजी १.१ केला की ८६६ कोटी. मुदत १० वर्षांवरून १५ वर्षं केली की १,०७२ कोटी. तीन रकाने बदलले आणि ज्या कंपनीला ३८४ कोटी जड होते तिला सगळे हजार कोटी पेलले, वर ७२ कोटी शिल्लक. कारखान्यात यातलं काहीही घडलेलं नाही.

यात खोटेपणा कुठे आहे? बहुतेक वेळा नसतोच, आणि हेच अवघड आहे. ८५ टक्के क्षमता हे मत आहे. त्याच्या समर्थनाला एखादी बाजारपेठेची पाहणी आणि व्यवस्थापनाचं पत्र जोडलेलं असतं. अहवालाच्या सुरुवातीलाच ‘व्यवस्थापनाने दिलेल्या माहितीच्या आधारे’ हे कलम असतं. गडबड पकडायची तर दोन जागा पाहाव्यात. पहिली खेळत्या भांडवलाची. विक्री ४०० कोटींनी वाढणार असेल आणि पैसा ९० दिवस मालात आणि उधारीत अडकत असेल, तर जवळपास १०० कोटी जादा लागतात. वरच्या गणितात ते १० कोटींवरच राहिले, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. योजनेत विक्री वाढते, पण कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा तीच राहते, उलट थकलेल्या खात्याला लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे पुरवठादाराला द्यायच्या बँकेच्या हमीवर, जास्त मार्जिन मागितलं जातं. मग कच्चा माल येत नाही आणि ८५ टक्के कधीच गाठले जात नाहीत. दुसरी जागा बिगर-मुख्य, म्हणजे धंद्याला थेट न लागणाऱ्या, मालमत्तेची. ‘अमुक जमीन १२ महिन्यांत विकून १५० कोटी’ ही ओळ जवळपास प्रत्येक योजनेत असते. त्या जमिनीवर चार बँकांचा समान बोजा असतो, प्रत्येकीची ना-हरकत लागते, सातबाऱ्यावर एखादा जुना वाद असतो. बारा महिने जातात, जमीन जागच्या जागी.

तिसरं विष मोरॅटोरियममध्ये असतं. दोन वर्षं हप्ता नाही, व्याज नाही, हे ऐकायला दिलासादायक वाटतं. ते व्याज मुदत कर्जात, म्हणजे एफआयटीएलमध्ये, जमा होतं. १० टक्क्यांनी हजार कोटींचे दोन वर्षांत १,२१० कोटी होतात. सवलत संपते तेव्हा कंपनी पहिल्यापेक्षा जास्त कर्जबाजारी असते.

याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे. ऑगस्ट २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीडीआर, म्हणजे कंपन्यांच्या कर्जाच्या पुनर्रचनेची, यंत्रणा आणली. कल्पना वाईट नव्हती: न्यायालयाबाहेर, बँकांनी एकत्र बसून, ठरावीक मुदतीत मार्ग काढायचा. पण त्या काळात पुनर्रचना झालेलं खातं ‘प्रमाणित’ राहायचं, एनपीए व्हायचं नाही. बँकेला तरतूद वाचवायची होती, प्रवर्तकाला कंपनी राखायची होती, सल्लागाराला प्रकरण मंजूर व्हायला हवं होतं. तिघांचा फायदा उजळ अंदाजांत होता आणि त्या टेबलावर विरुद्ध बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. ही सूट १ एप्रिल २०१५ पासून काढून घेतली गेली. याच सुमारास ५/२५, एसडीआर, एस४ए अशा पुनर्रचनेच्या नव्या योजना एकामागून एक आल्या आणि १२ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकाने त्या सगळ्या गुंडाळल्या. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी रद्द केलं, तेव्हा सध्याचा आराखडा आला. वीस वर्षांत नियम इतक्या वेळा बदलले. सल्लागाराला पैसे कसे द्यायचे याकडे मात्र कुणी फारसं पाहिलं नाही.

किंगफिशर एअरलाइन्सचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातली एक गोष्ट पुनर्रचनेच्या दृष्टीने महत्त्वाची. २०१० च्या पुनर्रचनेत बँकांनी कर्जाचा काही भाग बाजारभावापेक्षा सुमारे ६० टक्के चढ्या दराने शेअरमध्ये बदलून घेतला. ब्रँडलाही मोठ्या मूल्यांकनावर तारण धरलं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं जमिनीवर आली. एप्रिल २०१६ मध्ये त्या ब्रँडचा लिलाव सुमारे ३६७ कोटींच्या राखीव किमतीला काढला, तर एकही बोली आली नाही. कागदावरचं मूल्य कुणी काढलं होतं याची चौकशी पुढे झाली, पण वर्षानुवर्षांनंतर आणि गुन्हेगारी तपासाच्या अंगाने. चुकीच्या अंदाजाची रोजची, व्यावसायिक किंमत मोजायची पद्धत आपल्याकडे नाही. एक तर काहीच होत नाही, नाही तर थेट सीबीआय.

पुण्याच्या सुझलॉनचं उदाहरण दुसऱ्या बाजूचं आहे आणि म्हणून ते उपयोगी. २०१३ मध्ये सीडीआरखाली तिच्या सुमारे साडेनऊ हजार कोटींच्या कर्जाची पुनर्रचना झाली. २०१५ मध्ये जर्मनीतली सेन्व्हियन विकली, नवा गुंतवणूकदार आला, तरी २०२० मध्ये पुन्हा पुनर्रचना करावी लागली, या वेळी २०१९ च्या आराखड्याखाली. दुसऱ्या वेळी धंद्याला पेलेल तेवढंच कर्ज मुदत कर्ज म्हणून ठेवलं आणि बाकीचा मोठा भाग रोखे आणि प्राधान्य शेअरमध्ये बदलला. त्यानंतर कंपनी सावरली. पवनऊर्जेचा बाजार फिरला हे कारण त्यात आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बाजार फिरेपर्यंत तग धरता आला तो कर्जाचा आकार आधी खरा केल्यामुळे. हेच पहिल्या वेळी झालं असतं तर मधली सात वर्षं वेगळी गेली असती, असं मला वाटतं.

मग पहिल्या वेळी आकार खरा का होत नाही? याचं निम्मं उत्तर बँकेत आहे. सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याने ‘यातले ६१६ कोटी पेलवणारे नाहीत’ असं लिहिणं म्हणजे आपल्या सहीने तोटा मान्य करणं. उद्या दक्षता विभागाने विचारलं तर? त्यापेक्षा ‘नामांकित सल्लागाराच्या अहवालानुसार’ हे वाक्य फाइलला लागलेलं बरं. म्हणजे बँक पैसे सल्ल्याचे मोजते आणि विकत ढाल घेते. मोठा आकडा देणारा अहवाल अधिकाऱ्याला आज वाचवतो, छोटा आकडा देणारा आजच अडचणीत आणतो. सल्लागाराला हे पक्कं माहीत असतं. त्याला कुणी फोन करून आकडा वाढवायला सांगावं लागत नाही.

रिझर्व्ह बँकेला ही गाठ दिसली नव्हती असं नाही. २०१९ च्या आराखड्यात १०० कोटी आणि त्यावरच्या पुनर्रचनेसाठी स्वतंत्र पतमूल्यांकन लागतं, ५०० कोटी आणि त्यावर दोन संस्थांचं. उरणाऱ्या कर्जाला आरपी४ (पुनर्रचनेच्या पतमूल्यांकनातली एक श्रेणी) किंवा त्याहून चांगला दर्जा मिळालाच पाहिजे. त्या संस्थेला नेमायचं बँकांनी आणि फीही बँकांनीच द्यायची, असं परिपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे. इतकंच नव्हे, बँकांनी गरजेपेक्षा जास्त संस्थांकडून मत घेतलं तर सगळी मतं आरपी४ किंवा त्याहून चांगली असायला हवीत. म्हणजे चार दुकानं फिरून हवं ते मत उचलायची सोय बंद केली. उत्तम तरतूद. पण पतमूल्यांकन संस्था आकडे घेते कुठून? त्याच वित्तीय मॉडेलमधून, त्याच टीईव्हीतून. गाळणी बसवली ती नळाच्या शेवटाला. टाकीकडे कुणी पाहिलं नाही. पतमूल्यांकन संस्थेवर सेबी आहे, मूल्यांकक नोंदणीकृत लागतो, नादारी प्रक्रियेतला व्यावसायिक आयबीबीआय या नादारी मंडळाच्या कक्षेत आहे. न्यायालयाबाहेर पुनर्रचनेची योजना आखणाऱ्याला मात्र वेगळा परवाना लागत नाही.

म्हणून तोच नियम वर न्यायचा. टीईव्हीचा सल्लागार बँकांनी नेमावा, पॅनेलमधून पाळीपाळीने, आणि पैसेही त्यांनीच द्यावेत. खर्च नंतर कंपनीकडून वसूल करायचा तर करावा. मागच्या तीन वर्षांत त्याने त्या कंपनीचं किंवा प्रवर्तक गटाचं काम केलेलं नसावं. अहवालाचा मसुदा कंपनीला दाखवायचा तो फक्त वस्तुस्थितीच्या चुका काढायला, निष्कर्षावर बोलणी करायला नाही, आणि पहिला मसुदा व अंतिम अहवाल यांतला प्रत्येक बदललेला आकडा कारणासकट बँकेच्या फाइलमध्ये राहावा. ही शेवटची अट क्षुल्लक वाटेल. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त काम तीच करेल.

फीचं गणित असं मांडता येईल. समजा १,००० कोटींच्या प्रकरणात यशाची फी अर्धा टक्का, म्हणजे ५ कोटी. दरमहाच्या कामाचे पैसे वेगळे आणि पुरेसे द्यावेत. फुकट राबवून कुणी चांगलं मॉडेल बनवत नाही. यशाच्या ५ कोटींपैकी ४० टक्के योजना अमलात आल्यावर, म्हणजे करार सही झाल्यावर, तारण नोंदल्यावर, प्रवर्तकाचा हिस्सा आल्यावर. पुढचे ३० टक्के उरलेल्या कर्जातली १० टक्के रक्कम फिटल्यावर. हा टप्पा मनाने काढलेला नाही. एनपीए झालेलं खातं पुन्हा ‘प्रमाणित’ करण्यासाठी रिझर्व्ह बँक स्वतः हीच कसोटी लावते: मुद्दल आणि जमा व्याज मिळून १० टक्के फिटेपर्यंत समाधानकारक कामगिरी. बँकेला जे यश मोजायला इतकी वाट पाहावी लागते ते सल्लागाराला मंजुरीच्या दिवशी कसं मिळतं? शेवटचे ३० टक्के दुसऱ्या वर्षाच्या लेखापरीक्षित आकड्यांवर: एबिटा मूळ अंदाजाच्या ८५ ते ११५ टक्क्यांत असेल तर पूर्ण, बाहेर असेल तर त्या प्रमाणात कमी. राखून ठेवलेली रक्कम टीआरए खात्यात, म्हणजे कंपनीची आवक बँकांच्या देखरेखीखाली जिथे जमा होते त्या खात्यात, बँकांच्या हप्त्याच्या खालच्या पायरीवर ठेवावी.

वरचीही मर्यादा का? कारण फी फक्त खालच्या चुकीला बांधली की प्रत्येक सल्लागार घाबरट अंदाज देईल. मग बँका गरजेपेक्षा जास्त कर्जावर पाणी सोडतील आणि प्रवर्तक स्वस्तात सुटेल. ही भीती खरी आहे, किंबहुना या प्रस्तावावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच. रिकंपेन्सचा हक्क, म्हणजे कंपनी सावरली तर सोडलेली रक्कम परत मागायचा हक्क, करारात असतो. पण तो वसूल करताना वर्षानुवर्षं घासाघीस होते. त्यामुळे दोन्ही बाजूंचं अंतर मोजणं अधिक सोपं.

दुसरा आक्षेप असा की पोलादाचे भाव कोसळले, साथ आली, तर सल्लागाराने काय करायचं? त्यासाठी मूळ अंदाजातच दोन-तीन बाह्य आकडे बांधून ठेवावेत: कच्चा माल आणि विक्रीभाव यांतलं अंतर, व्याजदर, विनिमय दर. ते ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले तर कसोटी त्या प्रमाणात सरकवायची. कोविडमध्ये कामत समितीने २६ क्षेत्रांसाठी पाच गुणोत्तरांच्या मर्यादा वेगवेगळ्या आखून दिल्या होत्या. क्षेत्रानुसार पट्टे ठरवणं अशक्य नाही हे त्यातून दिसलंच.

नोंदीसाठी नवी संस्था नको. पाच कोटी आणि त्यावरच्या कर्जांची माहिती बँका क्रिलिकमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मोठ्या कर्जांच्या नोंदसंचात, भरतातच. पुनर्रचना झालेल्या खात्यापुढे सल्लागाराचं नाव, पहिल्या तीन वर्षांचा अंदाजित एबिटा आणि प्रत्यक्ष एबिटा एवढे रकाने वाढवले की पाच वर्षांत कोण सातत्याने फुगवतो ते आकडेवारीतूनच दिसेल, त्यावर कुणाला भांडत बसावं लागणार नाही. सूचिबद्ध कंपनीला पुनर्रचनेची माहिती शेअर बाजाराला द्यावीच लागते. त्यात हे अंदाज आले तर पुरवठादारांना, लहान भागधारकांनाही ते दिसतील.

नादारी संहितेत या दिशेने एक पाऊल पडलं आहे. ऑक्टोबर २०२२ पासून रिझोल्यूशन प्रोफेशनलची, म्हणजे नादारीतली कंपनी सांभाळून तोडग्याची प्रक्रिया चालवणाऱ्याची, किमान फी दाव्यांच्या आकारानुसार दरमहा १ ते ५ लाख ठरली आणि वेळेवर तोडगा काढला किंवा अवसायन मूल्यापेक्षा, म्हणजे कंपनी मोडीत काढून मिळेल त्यापेक्षा, जास्त मिळवलं तर कमाल ५ कोटींपर्यंत प्रोत्साहन देण्याची सोय झाली. वेळ आणि मूल्य, दोन्ही मोजले हे चांगलं. पण तिथेही ‘मिळवलं’ म्हणजे मंजूर योजनेत लिहिलेलं. जेट एअरवेजची योजना जून २०२१ मध्ये मंजूर झाली, पैसे अडत राहिले आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायला सांगितलं. मंजुरी आणि वसुली यांत सव्वातीन वर्षांहून जास्त अंतर होतं आणि पलीकडे वसुली नव्हती.

बँकांच्या बाजूने एक बदल याबरोबरच व्हावा लागेल, नाहीतर हे सगळं कागदावरच राहील. समितीने सल्लागाराच्या अंदाजाशेजारी स्वतःचा कमी अंदाज मांडावा, त्यावर कर्जाचा आकार ठरवावा आणि तसं इतिवृत्तात लिहावं. सद्भावनेने, कारणांसह घेतलेल्या अशा कमी अंदाजाला नंतरच्या तोट्याचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही, एवढं दक्षता आयोगाने आणि वित्त मंत्रालयाने लेखी सांगायला हवं. सुरुवात १०० कोटींच्या वरच्या खात्यांपासून करावी, कारण तिथे स्वतंत्र पतमूल्यांकन आधीच सक्तीचं आहे. त्याखालच्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याची फी परवडणार नाही. त्यांच्यासाठी ठरावीक मासिक फी आणि यशाची फी शून्य, हेच बरं.